मंत्रीसाहेब, माझ्या भावाचा एक्स-रे एकदा नीट बघायला सांगा

मा. आरोग्यमंत्री साहेब,
नमस्कार.

काल तुमच्या खात्यातून फोन आला, एक्स-रेची फिल्म पुसट आहे, सापडलेल्या हाडांशी जुळवता येणार नाही, ओळख पटवायची फाईल बंद करतोय. ३ महिन्यांत निकाल देतो असं तुम्ही स्वतः आईसमोर बसून बोलला होतात, त्याला १४ महिने झाले साहेब.

आगीत भाऊ आत होता. हाती लागली ती हाडंच, डीएनए निघाला नाही म्हणाले, ठीक आहे, जळालेल्या हाडातून बऱ्याचदा नाही निघत. म्हणून तर मी त्याच्या छातीचा ६ वर्षांपूर्वीचा एक्स-रे आणून दिला. पुसट आहे, मान्य. मग स्कॅन करा ना, कॉन्ट्रास्ट वाढवा, हाडाच्या कडा स्पष्ट करा, फक्त कॉम्प्युटरने मनाची रेघ काढायला नको म्हणून मूळ फिल्म शेजारी ठेवा, आणि सापडलेल्या कॉलरबोनचा (गळ्याखालच्या आडव्या हाडाचा) त्याच अँगलने एक्स-रे काढून दोन्ही ताडून बघा. हे कुणी केलंच नाही, मी विचारलं तर उत्तर नाही.

कोरियाच्या युद्धात (१९५०-५३) गेलेल्या सैनिकांची ओळख अमेरिका आजही अशीच पटवते. टीबी तपासायला काढलेल्या छातीच्या जुन्या फिल्म, त्यावरचे कॉलरबोन आणि मानेचे मणके जुळवतात, कारण त्यातल्या बऱ्याच हाडांना फॉर्माल्डिहाइड (प्रेत टिकवायचं रसायन) लावलेलं, त्यामुळे डीएनए मिळणं अवघड. ७० वर्षांच्या फिल्मवर काम होतं आणि आमच्या ६ वर्षांच्या फिल्मवर नाही? १९४९ला टोरांटोत नोरोनिक जहाज जळालं तेव्हाही एक्स-रेवरून माणसं ओळखली, तेव्हा तर कॉम्प्युटरवर फोटो सुधारायची सोयच नव्हती.

मृत्यूचा दाखला नाही म्हणून वहिनीचं सगळं अडकलंय, बँक म्हणते दाखला आणा, पोलीस म्हणतात ओळख पटू दे, तुमचं खातं म्हणतं फाईल बंद. आई दाराची कडी वाजली की अजून उठते. मी ११ चकरा मारल्या, प्रत्येक वेळी टेबलावर नवा माणूस, पहिल्यापासून सगळं परत सांगायचं, भाऊ कसा गेला हे सुद्धा परत सांगायचं. माणूस जिवंत असताना तुम्ही त्याच्याकडे दहा ओळखपत्रं मागता, आणि मेल्यावर त्याची ओळख पटवायची जबाबदारी कुणाचीच नाही? मोठ्या घरातला असता तर फाईल अशी बंद झाली असती का?

फाईल उघडा आणि रेडिओलॉजीतल्या जाणकार माणसाला फिल्म दाखवा, तो नाही म्हणाला तर तसं लेखी द्या. आणि तेही जमणार नसेल तर फिल्म परत करा, तिच्या पाकिटावर आईच्या हाताने त्याचं नाव लिहिलेलं आहे.

त्याचा लहान भाऊ