काकांचा जुना शर्ट: खालच्या वाडीतल्या काकींना जाहीर पत्र

ती. काकींस,
सा. न. वि. वि.

पत्र तुमच्या हातात द्यायचं सोडून असं चारचौघांत का लिहिलं, हे तुम्ही विचारणारच. तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही 'गप बस गे' म्हणून विषय बदलता. गेल्या खेपेला तर माझ्या हातात फणसाचे गरे ठेवलेत आणि मी आभार विसरून गरे खात बसले. इथे तुम्हाला मला गप्प करता येणार नाही. तुमची नात वाचून दाखवेल. तिने मधे मधे मालवणी केली तरी चालेल.

ठाण्याहून सिंधुदुर्गात कायमचं राहायला यायचं ठरलं, तेव्हा माझा प्रश्न अगदी साधा होता. तिथे रोज अंगावर घालायचं काय? जाणते म्हणवणाऱ्या बऱ्याच जणांना विचारून झालं. शहर सोडून शेतीकडे वळणाऱ्यांसाठी एक शिबिर होतं, चांगली जाडजूड फी घेणारं. तिथल्या बाई म्हणाल्या, लिनन घाला, मातकट रंग निवडा, डोक्यावर गवती टोपी असू द्या. फोटोत छान दिसतं हे खरं. पण वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो अशा मुलखात हे लिनन वाळणार कुठे आणि कधी, याला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. मॉलमधल्या एका दुकानाने महागडं जाकीट गळ्यात मारलं. पाणी आत येत नाही, घामाची वाफ बाहेर जाते म्हणे. अहो, वाफ बाहेर जायला बाहेरची हवा थोडी तरी कोरडी नको का? जुलैत आपल्याकडे हवाच निथळत असते. पाऊस बाहेर राहिला आणि मी आतल्या आत घामाने चिंब झाले.

नात्यातल्या एका थोरल्या बाईंनी तर बजावलंच होतं, घरच्या सुनेने साडीच नेसायची, नाहीतर लोक काय म्हणतील. लोकांनी काय ते म्हटलंच. लेगिंग घातली तर तिठ्यावर हसले, साडी नेसले तर 'मुंबयकारीण नाटकां करता' म्हणून हसले. शिबिरवाल्या बाई, दुकानदार, नातेवाईक आणि तिठ्यावरची मंडळी, एवढ्या सगळ्यांचं मी कशी दिसेन यावर मत होतं. दिवसभर मी करणार काय आहे, हे एकानेही विचारलं नाही.

तुम्हीही विचारलं नाहीत म्हणा. तुम्ही माझे हात पाहिलेत.

लावणीच्या सुरुवातीला तुमच्याकडे तरवा, म्हणजे भाताची रोपं, काढायला आले होते. अंगात बिनबाह्यांचा कुर्ता, ऑनलाइन मागवलेला, 'शेतासाठी आरामदायक' असं त्यावर लिहिलेलं. भाताच्या पातीत सिलिका असते, हे मी पुस्तकात वाचलं होतं. ती कातडीला काय करते हे संध्याकाळी कळलं. मनगटापासून कोपरापर्यंत बारीक लाल चरे आणि त्यावर चिखलाचं पाणी. माझ्या दोन्ही हातांची आग आग होत होती. मी बोलले काहीच नाही, मात्र चहाचा कप घेताना तुमची नजर माझ्या हातांवरून गेली होती.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तुम्ही ओट्यावर प्लास्टिकची पिशवी ठेवलीत. आत काकांचा जुना शर्ट. टेरिकॉटचा, निळ्या चौकटींचा, कॉलर विरलेली, धुऊन घडी घातलेला. 'ह्यां घाल गे. हात चिरतले,' एवढं बोलून तुम्ही गोठ्याकडे गेलातसुद्धा.

जुना शर्ट कुणीही देईल. मला त्याचं उजवं मनगट दाखवायचं आहे. तिथलं मूळचं बटण तुटलेलं होतं आणि त्या जागी तुम्ही दुसरं लावलेलं होतं. बाकीची पांढरी, हे एकच तपकिरी, लाल दोऱ्याने शिवलेलं आणि दोऱ्याला खालून तीन-चार वेढे दिलेले, म्हणजे ओढलं तरी निघू नये. मनगट बंद नसेल तर बाही एक तर चिखलात लोळते, नाहीतर वर सरकते. मग शर्ट घातला काय आणि न घातला काय. दिवसभर कंबरेत वाकून लावणी केल्यावर, घरच्यांचं जेवणखाण उरकल्यावर, त्या रात्री लाइट येत-जात असताना तुम्ही सुईत दोरा ओवला होतात. दूरची पाटी वाचता येते पण सुईचं भोक दिसत नाही, ही तुमचीच तक्रार ना? मग दोरा ओवायला नातीला उठवलंत की स्वतःच झटत बसलात, हे अजून विचारायचं राहिलंय.

त्या बटणाने मला रडू आलं. सगळ्यांना सांगून टाकते, तुम्ही नाही म्हणालात तरी.

साडीवर किंवा गाऊनवर पुरुषाचा जुना शर्ट, हा आपल्याकडच्या बायांचा शेतातला खरा वेश. घाटावर ऊस तोडताना, विदर्भात कापूस वेचताना, इथे लावणीत, सगळीकडे तोच. महाराष्ट्राची वेशभूषा म्हणून चित्रांत नऊवारी येते, नथ येते, खणाची चोळी येते. लाखो बायकांच्या हातांना सांभाळणारा हा शर्ट मात्र कुठल्याच चित्रात नाही. मला तरी हा अन्याय वाटतो.

नंतर तुमच्या ओट्यावर बसता-उठता बाकीचंही अंगात भिनलं. शिबिरातल्या वहीपेक्षा ते जास्त टिकलंय. जीन्स पावसाळ्यात ट्रंकेतच बरी. ती भिजली की पाय उचलत नाही आणि वाळायच्या आत तिच्यावर बुरशी चढते. उन्हाळ्यात सुती कपड्याला तोड नाही, पण आषाढात टेरिकॉट चुलीवरच्या काठीवर रात्रीत वाळतो. धुराचा वास येतो, येऊ दे, चुलीवाल्या प्रत्येक घराला तोच वास आहे. पांढऱ्या कपड्याला लाल माती एकदा लागली की तो पुन्हा पांढरा म्हणून मिरवायचा नाही. काजूच्या हंगामाला एक जोड वेगळाच काढून ठेवायचा, कारण बोंडूच्या रसाचा डाग त्या कपड्याबरोबरच जातो.

गमबूट मी हौसेने आणले होते. कोपऱ्यातल्या चिखलात पहिलं पाऊल टाकलं, पाय वर आला आणि बूट खालीच राहिला. तुम्ही हसून हसून मेरेवर, म्हणजे बांधावर, बसलात. लावणी अनवाणीच करायची, बूट घालायचे ते पाणंदीतून चालताना आणि गोठ्यात. चिखलात उतरण्याआधी पायाला खोबरेल, रात्री भेगांवर कोकमाचं तेल. पायाला जखम असेल तर पाण्यात उतरायचंच नाही, मग लावणी कितीही राहिलेली असो. लेप्टोस्पायरोसिसच्या तापाला तुम्ही 'उंदराचो ताप' म्हणता आणि तेच बरोबर आहे. उंदरांच्या मुतातून जंतू पाण्यात येतात आणि चिरलेल्या कातडीतून अंगात शिरतात. त्या शर्टाने माझी नुसती आग वाचवली असं नाही, हे मला आशाताई गोळ्यांबद्दल सांगायला आल्या तेव्हा उमगलं.

आणि बूट घालण्याआधी उलटे करून झटकायचे. फुरसं असेल, म्हणजे तो विषारी साप, नाहीतर विंचू असेल. विंचू चावून कोकणात पूर्वी किती माणसं दगावत. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावसकरांनी प्राझोसिन हे औषध वापरून हे मरण मागे हटवलं, २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तरी तुम्ही म्हणता तसं, गोळी आहे म्हणून बूट न झटकता घालायचे नसतात.

पावसात पांघरायच्या इरल्याचं शिक्षण अजून बाकी आहे. बांबूच्या कामट्यांचं ते ओझं पाठीवर घेऊन वाकलं की दोन्ही हात मोकळे राहतात, जाकिटाला हे जन्मात जमलं नाही. पण माझं इरलं वाऱ्याने अजून डोक्यावरून उडतं.

काकी, मदत करणारे पुष्कळ भेटतात. बरेच जण मदतीबरोबर एखादं वाक्यही देतात, 'तुम्हा शहरातल्यांना काय कळणार' असलं. घेणाऱ्याची मान खाली जाते आणि देणाऱ्याला ते कळतही नाही. तुम्ही सकाळी सकाळी आलात, कुणी बघायच्या आत. शेतात चार बायकांसमोर शर्ट दिला असतात तर मी घातला असता, पण लाजत. त्या दिवशी मी तो घालूनच तुमच्या मेरेवर आले आणि कुणी वळूनही पाहिलं नाही, कारण सगळ्याच तसल्या शर्टात होत्या. कुणाला कमीपणा न आणता द्यायचं, हे शिकवणारी शिबिरं निघायला हवीत. तिथे मी फी भरून येईन.

आता एक काम आहे. पुढच्या आठवड्यात ठाण्याला जाऊन येतेय. येताना काकांसाठी दोन शर्ट आणणार आहे, पूर्ण बाह्यांचे, टेरिकॉटचे. कॉलरचं माप कळवा, अंदाजाने आणलं तर ते घालायचे नाहीत. 'कशाक हवो खर्च' म्हणायचं नाही, हा माझाच स्वार्थ आहे. दोन-चार वर्षांत ते जुने होतील, तेव्हा एकावर माझं नाव आत्ताच लावून ठेवा. तुमच्या धाकट्या सुनेचा त्यावर डोळा आहे हे मला ठाऊक आहे.

तुमची,
वरच्या वाडीतली सून