घर नसलेल्या टीमचा तो सीझन

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी पेपर शेवटच्या पानावरून वाचायला घेणारा माणूस आहे, आधी खेळ मग बाकी जग, आणि हे गेली कित्येक वर्षं चाललंय. मागच्या आठवड्यात तुमच्या क्रीडा पानावर अगदी तळाला युरोलीग बास्केटबॉलबद्दल, म्हणजे युरोपच्या क्लबांच्या मुख्य स्पर्धेबद्दल, एक छोटीशी चौकट आली होती, ती बघून आधी आनंदच झाला कारण मराठी पेपरमधे युरोपच्या बास्केटबॉलला जागा मिळते कुठे. तेल अवीवच्या क्लबना युद्धामुळे आपल्या घरच्या मॅचेस दुसऱ्या देशात खेळाव्या लागल्या असं त्यात होतं आणि ते बरोबरच आहे. 2023च्या ऑक्टोबरनंतर मॅकाबी तेल अवीवचं घरचं मैदान सर्बियाच्या बेलग्रेडला गेलं, पुढे 2025-26च्या सुरुवातीला हापोएल तेल अवीव बल्गेरियाच्या सोफियात खेळली. पण शेवटचं वाक्य होतं, "युरोपियन बास्केटबॉलच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडत आहे." तिथे मी अडकलो. कारण हे पहिल्यांदा घडलेलं नाहीये, आणि ज्या बेलग्रेडमधे मॅकाबीला आसरा मिळाला त्याच बेलग्रेडची टीम एकेकाळी घर शोधत फिरत होती. ही गोष्ट तुमच्या वाचकांना कळावी म्हणून लिहितोय, पत्र लांबलं तर सांभाळून घ्या.

गोष्ट 1991-92च्या सीझनची. युगोस्लाव्हिया फुटत होता. तोपर्यंत युरोपमधे क्लब बास्केटबॉल म्हणजे युगोस्लाव्हियाच, क्रोएशियातल्या स्प्लिट शहराच्या टीमनं 1989, 1990 आणि 1991 अशी लागोपाठ तीन वर्षं युरोपचं विजेतेपद घेतलं होतं. 1991च्या जूनमधे रोमला युरोपियन चॅम्पियनशिप चालू असतानाच स्लोव्हेनियानं स्वातंत्र्य जाहीर केलं आणि युरे झ्दोव्ह्त्स या स्लोव्हेनियन खेळाडूला त्याच्या सरकारच्या सांगण्यावरून स्पर्धा अर्धी टाकून टीम सोडावी लागली. बाकीच्यांनी गोल्ड जिंकलं, पण एक देश म्हणून त्या टीमचं ते शेवटचंच.

आता त्या वर्षीपासून युरोपच्या मुख्य स्पर्धेचं रूपही बदललं होतं. आधी फक्त देशोदेशीचे चॅम्पियन खेळायचे, आता नाव झालं युरोपियन लीग, सोळा टीम, आठ-आठचे दोन गट, एका देशाच्या दोन-तीन टीमनाही जागा. त्यात युगोस्लाव्हियाच्या तीन, स्प्लिट, झाग्रेबची सिबोना आणि बेलग्रेडची पार्टिझान. युद्ध पेटल्यावर तिकडे जाऊन खेळायला कोणी तयार होईना, तेव्हा तिघींनाही सांगण्यात आलं की घरच्या मॅचेस देशाबाहेर खेळा. तिघीही स्पेनला गेल्या. स्प्लिट गेली ला कोरुन्याला, सिबोना पुएर्तो रेआलला, आणि पार्टिझान गेली फुएनलाब्राडाला.

फुएनलाब्राडा हे नाव मी मुद्दाम परत लिहितोय. माद्रिदच्या दक्षिणेला साधारण वीस किलोमीटरवरचं कामगार वस्तीचं गाव, राजधानीत काम करायचं आणि रात्री झोपायला इकडे यायचं अशी माणसं. तिथे नुकतंच बांधलेलं इनडोअर स्टेडियम होतं, फेर्नांदो मार्तीनच्या नावाचं. मार्तीन म्हणजे एनबीएत खेळलेला पहिला स्पॅनिश खेळाडू, 1989च्या डिसेंबरमधे कार अपघातात गेला. स्टेडियम होतं पण तिथे बघायला पहिल्या दर्जाची टीम नव्हती, गावचा स्वतःचा क्लब स्पेनच्या वरच्या लीगमधे पोचला तो 1996 साली. म्हणजे एकीकडे स्टेडियम असलेलं पण टीम नसलेलं गाव, आणि दुसरीकडे टीम असलेली पण स्टेडियम हिरावलेली पोरं.

आणि त्या गावानं त्या पोरांना आपलं मानलं. ना भाषा एक, ना देश एक, दोन हजार किलोमीटर लांबून आलेली पोरं, पण लोक मॅचला यायचे, त्यांच्या नावानं ओरडायचे. गटात स्पेनच्याही टीम होत्या, खुद्द माद्रिदची एस्तुदियांतेस होती, आणि फुएनलाब्राडाचे लोक शेजारच्या माद्रिदला सोडून बेलग्रेडच्या पोरांच्या पाठीशी उभे राहिले. पुढे तर स्पेनमधे लोक त्यांना "फुएनलाब्राडाची पार्टिझान" म्हणायला लागले. मला या सीझनमधलं सगळ्यात जास्त भिडतं ते हेच, जिंकण्याहूनही जास्त. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतो ना आपण, तसं बिऱ्हाड घेऊन ही पोरं फिरत होती, दर घरच्या मॅचला विमान पकडायचं, खेळायचं, परत घरी, आणि घरी काय चाललंय तर टीव्हीवर युद्ध. अशा वेळी आपल्यासाठी कोणीतरी येऊन बसतंय याचा आधार किती वाटला असेल.

टीम सुद्धा कोवळी हो. कोच झेल्को ओब्राडोविच, वय 32, त्या वर्षीच्या उन्हाळ्यापर्यंत स्वतः पार्टिझानचा खेळाडू होता. राष्ट्रीय संघाच्या शिबिरात होता, तिथे त्याला क्लबनं कोचपदाबद्दल विचारलं आणि तो शिबिर सोडून आला. रोमची चॅम्पियनशिप सोडली त्यानं! हाताशी अनुभव नाही म्हणून त्यानं अलेक्सांदर निकोलिच या म्हाताऱ्या, मुरलेल्या कोचला सल्लागार म्हणून सोबत घेतलं, ज्याला सगळे प्रोफेसर म्हणायचे, आणि ज्यानं इटलीच्या वारेसेला 1970, 1972 आणि 1973 मधे युरोपचं विजेतेपद मिळवून दिलं होतं. मला हे फार आवडतं, की नव्या माणसानं मोठेपणाच्या हट्टात न पडता जाणत्याला शेजारी बसवलं.

खेळाडूंमधे साशा जॉर्जेविच 24 वर्षांचा, प्रेद्राग दानिलोविच 22चा, झेल्को रेब्राचा तर नुकताच वीस पूर्ण. इवो नाकिच हा रिएकाचा, म्हणजे सर्बियाशी लढणाऱ्या क्रोएशियातला, आणि तो बेलग्रेडच्या टीममधे खेळत राहिला, त्या दिवसांत याचा अर्थ काय असेल ते सांगायला नको. आणि दानिलोविचचा जन्म बोस्नियातल्या सारायेवोचा. सारायेवोचा वेढा 1992च्या एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सुरू झाला, फायनल होती 16 एप्रिलला. जन्मगाव वेढ्यात असताना हा मुलगा दहा दिवसांनी फायनल खेळायला उतरला. त्या फायनल फोरचा, म्हणजे शेवटच्या चार टीमच्या सेमीफायनल-फायनलचा, सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला.

गटात पार्टिझान चौथी आली, म्हणजे जेमतेम पुढे गेली. क्वार्टर फायनलला गाठ पडली इटलीच्या बोलोन्याशी, तीन मॅचमधे दोन जिंकायच्या. इथे एकदाच, फक्त एकदाच, पूर्ण सीझनमधली एक मॅच त्यांना खऱ्या घरी बेलग्रेडच्या पिओनीर हॉलमधे खेळायला परवानगी मिळाली. ती जिंकले, मग बोलोन्यात एक हरले आणि तिथेच तिसरी जिंकून इस्तंबूलच्या फायनल फोरला पोचले. सेमीफायनलला मिलानला हरवलं, 82-75.

फायनल स्पेनच्याच जोवेन्तुत बादालोनाशी. त्यांचा कोच लोलो साइन्झ, टीममधे विल्याकाम्पा, जोफ्रेसा बंधू, कॉर्नी थॉम्पसन, सगळे मुरलेले. शेवटच्या काही सेकंदांत तोमास जोफ्रेसानं बास्केट केली आणि 70-68, जोवेन्तुत पुढे. कुठलाही कोच अशा वेळी टाइमआउट घेईल असं वाटतं ना, पण इथे बॉल लगेच आत टाकला गेला, जॉर्जेविचनं घेतला आणि उजव्या कडेनं सुसाट पूर्ण कोर्ट धावत गेला, वेळ संपत आलेली, समोर जोफ्रेसा, दोन पॉइंट घेतले असते तर बरोबरी झाली असती, पण तो थ्री पॉइंटच्या रेषेबाहेरच उठला आणि धावत्या अंगानं, तोल सांभाळायला सुद्धा वेळ नाही अशा अवस्थेत त्यानं बॉल सोडला. 71-70. हा व्हिडिओ यूट्यूबवर आहे, चित्र खराब आहे, पण मी किती वेळा बघितला असेल याची मोजदाद नाही. आमच्या इथे सकाळी कोर्टवर येणाऱ्या मुलांना मी तो मोबाईलवर दाखवतो, पोरं पहिल्यांदा म्हणतात काका हा शॉट चुकीचा आहे, पाय नीट नाहीयेत, आणि पाय खरंच नीट नाहीयेत, पण मग मी त्यांना आधीचे सहा महिने सांगतो आणि परत एकदा लावतो.

इथवर गोष्ट गोड वाटते, पण पुढचं ऐका. फायनलनंतर दीड महिना सुद्धा झाला नाही तोवर 30 मे 1992 ला युनोच्या सुरक्षा परिषदेनं युगोस्लाव्हियावर निर्बंध घातले आणि त्यात खेळही आला. युरोपचा चॅम्पियन क्लब पुढच्या सीझनला युरोपमधे खेळूच शकला नाही. जॉर्जेविच मिलानला गेला, दानिलोविच बोलोन्याला, म्हणजे ज्यांना हरवलं त्यांच्याचकडे. त्याच उन्हाळ्यात बार्सिलोना ऑलिंपिक झालं, त्यातलं बास्केटबॉल कुठे झालं माहितीये का, बार्सिलोनाला लागून असलेल्या बादालोनात, जोवेन्तुतच्या हॉलमधे. अमेरिकेची ड्रीम टीम तिथेच खेळली. आणि युगोस्लाव्हियाला त्या ऑलिंपिकमधे टीम पाठवायला मनाई होती. युरोपचं विजेतेपद ज्यांनी जोवेन्तुतकडून घेतलं ते जॉर्जेविच-दानिलोविच तिकडे पाय ठेवू शकले नाहीत. निर्बंध घालायची कारणं खरी होती, सारायेवोत काय झालं ते जगानं बघितलंय आणि मी त्याला कमी लेखत नाही, पण या पोरांच्या हातून जे गेलं तेही खरंच आहे ना.

ओब्राडोविचचं पुढे काय झालं ते तर अजूनच वेगळं. 1994 ला तो ज्या टीमचं स्वप्न शेवटच्या क्षणी मोडलं त्याच जोवेन्तुतचा कोच होता, आणि त्यांना घेऊन त्यानं तेल अवीवमधे फायनल जिंकली, ऑलिंपियाकोसविरुद्ध 59-57, आणि परत शेवटच्या सेकंदांतला थ्री, यावेळी कॉर्नी थॉम्पसनचा. दोन वर्षांपूर्वी हरलेल्या बाजूनं खेळणारा तोच थॉम्पसन. मग रेआल माद्रिदबरोबर 1995, पानाथिनाइकोसबरोबर पाच वेळा, फेनेरबाचेबरोबर 2017, एकूण नऊ विजेतेपदं, युरोपमधे दुसऱ्या कुठल्याच कोचकडे इतकी नाहीत. 2021 ला तो परत पार्टिझानला आला आणि 2022-23च्या सीझनमधे युरोलीगमधली सगळ्यात जास्त सरासरी गर्दी पार्टिझानच्या मॅचला होती. ज्या क्लबला एकेकाळी आपल्या लोकांसमोर फक्त एक मॅच मिळाली होती त्या क्लबची ही गर्दी.

आता तुमच्या चौकटीकडे परत येतो. मॅकाबी तेल अवीव बेलग्रेडमधे ज्या हॉलमधे खेळली तो अलेक्सांदर निकोलिच हॉल. म्हणजे जुना पिओनीर, 2016 ला त्याला प्रोफेसरांचं नाव दिलं. 1992 ला पार्टिझानला घरची म्हणून जी एकुलती एक मॅच मिळाली ती इथेच. आता दुसऱ्या देशाची, युद्धामुळे घर सुटलेली टीम त्याच हॉलला घरचं मैदान म्हणत होती. हे सगळं तीन ओळींच्या चौकटीत बसत नाही हे मलाही कळतं, पण म्हणूनच "पहिल्यांदाच" हा शब्द खटकला, त्या एका शब्दानं ला कोरुन्या, पुएर्तो रेआल आणि फुएनलाब्राडा तिन्ही पुसली गेली.

कोणी म्हणेल आपल्याकडच्या वाचकाला याचं काय, इथे क्रिकेटला जागा पुरत नाही. मला ते पटत नाही. आमच्या कोर्टवर येणाऱ्या मुलांना एनबीएचे सगळे खेळाडू तोंडपाठ आहेत, कोणाचा बूट कुठल्या कंपनीचा ते सुद्धा सांगतात, पण बॉल न पकडता जागा कशी सोडायची, चार पास देऊन मोकळा माणूस कसा शोधायचा हे युरोपच्या मॅचेसमधे जास्त दिसतं आणि तिकडे त्यांचं लक्षच जात नाही, कारण कोणी सांगत नाही. आता युरोलीगमधे वीस टीम आहेत, एका टीमला साखळीतच 38 मॅचेस, ऑक्टोबर ते एप्रिल दर आठवड्याला काही ना काही घडतं. रोज नको, पंधरा दिवसांतून एकदा अर्धा कॉलम द्या, लिहून द्यायची माझी तयारी आहे, पैसे नकोत.

आणि दुरुस्ती छापणार असाल तर एक ओळ पुरे. फक्त त्या ओळीत फुएनलाब्राडाचं नाव येऊ द्या.

आपला,
सकाळी कोर्टवर जाणारा एक वाचक, सांगली