चादरीचा पडदा आणि आपली छापांची वही

पुणे,
रविवार, दुपार

प्रिय सुनंदा,

परवा फोनवर तू विचारलंस, "घर लावून झालं का?" आणि मी नुसतं "झालं गं" म्हणून मोकळी झाले. पण ते एवढ्यात आटपण्यासारखं नाही, म्हणून आज जेवणं उरकल्यावर लिहायला बसले.

घर दोन खोल्यांचं. यांच्या निवृत्तीचे बरेचसे पैसे घरातच गेले, त्यामुळे सामानाच्या वेळी हात आखडता घ्यावा लागला. एका मोठ्या दुकानात सोफा पाहिला, ४५ हजार. हात लावून पाहिला तर आत नुसता भुसा दाबलेला. मग मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात दोन रविवार घातले आणि सागवानी दिवाण मिळाला. किंमत २,२०० रुपये, टेम्पोचे ६०० वेगळे. एक पाय हलत होता, सुताराने पाचर मारून दिली. आता त्यावर चौघं बसली तरी कुरकुरत नाही. आईची पत्र्याची ट्रंक घासूनपुसून दिवाणापुढे ठेवली, चहाचे कप तिच्यावरच.

पण मला सांगायचंय ते पडद्याचं. बैठकीची खोली आणि आतली खोली यांच्यामध्ये दार नाही, नुसती चौकट. पडदा हवाच होता. तयार पडदे बघितले की एक बाजू छान आणि दुसरी उलटी, धागे दिसणारी. आत बसणाऱ्याने सदा उलटी बाजूच का बघायची? तेव्हा मला आपली चादर आठवली. सोलापुरी चादरीला उलटी बाजूच नसते ना! इकडून मरून जमिनीवर पांढरी नक्षी, तर तिकडून पांढऱ्या जमिनीवर मरून. जकार्डवर, म्हणजे नक्षी विणायच्या मागावर, दोन पदर एकत्र विणतात, जिथे नक्षी येते तिथे वरचा पदर खाली आणि खालचा वर. लहानपणी सोलापूरच्या पूर्व भागातून शाळेत जाताना यंत्रमागांची खटखट ऐकायचो, पण माग करतो काय ते मला आत्ता, चौकटीत उभं राहून कळलं.

कापली नाही, शिवली नाही. चिमट्याच्या कड्या लावल्या आणि दशा खाली सोडल्या. चादर जड असते, म्हणून पोकळ दांडी घेऊ नकोस, वाकते. पहिल्यांदा मिठाच्या पाण्यात एकटीच भिजव, रंग सोडते. आणि घेताना नीट बघून घे. २००५ मध्ये सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी त्याच नावाखाली दुसरीकडची हलकी चादर सर्रास विकतात. उन्हाकडे धर. आरपार दिसली तर ठेवून दे. दुपारी पश्चिमेचं ऊन येतं तेव्हा ती मरून चादर आतून अशी काही उजळते की मी हातातलं काम टाकून बघत बसते.

आता मुख्य गोष्ट. ती ट्रंक घासताना तळाशी वर्तमानपत्राखाली काय मिळालं असेल? आपली वही! काड्यापेट्यांच्या छापांची!

चिता फाइट आहे, जहाज आहे, किल्ली आहे. सोलापूरच्या संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर चहाच्या गाड्यांखाली वाकून वाकून गोळा केलेले. आठवतं, तुझ्या आईच्या परातीत कोमट पाणी घेऊन पेट्या टाकायचो? लाकडी सालपटाची पेटी असली की खळ सुटून छाप आपोआप वर तरंगायचा. मग तो तळहातावर झेलायचा, वर्तमानपत्रावर पालथा घालायचा आणि वर पाट ठेवायचा. पुढे पुठ्ठ्याच्या पेट्या आल्या आणि ते सुखच गेलं, ब्लेडने कापावं लागायचं. वहीत ते पान कुठे सुरू होतं ते लगेच दिसतं, कडा वाकड्या आहेत.

तेव्हा आपण फक्त चित्रं बघायचो. आता भिंग घेऊन खालची बारीक अक्षरं वाचते. बरीचशी तमिळनाडूतल्या शिवकाशीची. १९२२ मध्ये तिथले अय्या नाडर आणि षण्मुग नाडर काड्या करायचं काम शिकायला कलकत्त्याला गेले आणि परत येऊन त्यांनी त्या कोरड्या गावात कारखाने काढले. छाप छापायचे म्हणून छापखाने आले. आपल्या दोघींच्या घरातली देवांची कॅलेंडरंही पुढे तिथूनच येऊ लागली. काही छाप विम्को या काड्यापेटी कंपनीचे, म्हणजे अंबरनाथचे. तिथे अजून विम्को नाका म्हणतात. २०२१ च्या डिसेंबरात पेटी एका रुपयाची दोन रुपयांची झाली, तीही चौदा वर्षांनी. इतक्या स्वस्त वस्तूवर कुणीतरी मोराचं एकेक पीस रंगवत बसलं होतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

नातीला घेऊन केळकर संग्रहालयात गेले होते. दिनकर केळकरांनी, म्हणजे कवी अज्ञातवासींनी, सात वर्षांचा मुलगा राजा गेल्यावर त्याच्या नावाने हे सगळं उभं केलं आणि पुढे सरकारच्या स्वाधीन केलं. अडकित्ते, दिवे, करंडे, सगळं घरात रोज हाताळलेलं. नात अडकित्त्यांपुढून हलेना. घरी आल्यावर तिने आपली वही मागून घेतली आणि पहिल्या पानापासून मोजायला लागली.

म्हणून ठरवलं की छाप भिंतीवर लावायचे. पहिली फ्रेम दुकानात दिली तर त्यांनी चार छाप गोंदाने पक्के चिकटवून टाकले, रंग फुटले. मला रडूच आलं. आता मी स्वतः करते. जाड कागदाला चिरा पाडून कोपरे अडकवायचे, गोंदाचा थेंब नाही. एका फ्रेमला १८० रुपये पडतात. दोन झाल्या, दिवाणाच्या वर लावल्यात.

तिसरी अडलीय. तुम्ही नागपूरला गेलात तेव्हा आपण पानं वाटून घेतली होती, एक तुला एक मला. दोन मोरांचा निळा छाप तुझ्या वाट्याला गेला आणि त्याचा जोडीदार लाल छाप माझ्याकडे आहे. तुझी पानं असतील ना गं? तू काही टाकणारी नाहीस. माळ्यावर बघ, वहिनींना विचार. पोस्टाने मात्र पाठवू नकोस, दमट होतील. संक्रांतीला गड्ड्याला जायचं आपलं ठरतंय, तेव्हा आधी पुण्यात दोन दिवस उतर आणि पानं हातानेच आण. वर्तमानपत्रात गुंडाळ, प्लास्टिकमध्ये नको.

तिसऱ्या फ्रेममध्ये लाल मोर लावून ठेवलाय, शेजारची जागा मोकळी आहे.

तुझी,
विजू

ता. क. तुझ्या घराच्या चौकटीचं माप कळव, उंची आणि रुंदी दोन्ही. सोलापुरातून तुझ्यासाठी हिरवी घेऊ.