किरीवाँगच्या मावशींना

नाव विचारायचंच राहून गेलं, म्हणून हे इथे लिहितेय.

किरीवाँग हे दक्षिण थायलंडमधलं, खाओ लुआंग डोंगराच्या पायथ्याचं शांत गाव. मँगोस्टीनच्या बागा आणि मधून वाहणारी दगडगोट्यांची नदी. "जपून उतर" असं आईला तीनदा बजावलं आणि घसरले मीच! घोटा बघता बघता टम्म सुजला. नखोन सी थम्मरात शहरात परतायची सोंगथेव, म्हणजे तिकडची वडाप, तोवर निघून गेली होती.

समोरच्या शेडमध्ये एक मावशी कापड रंगवत होत्या. या गावात झाडांच्या पाना-सालींपासून रंग काढतात. मनगटापर्यंत तपकिरी झालेले हात तसेच पुसत त्या धावत आल्या. बर्फ लावला, रंगवलेल्या कापडाची एक पट्टी टर्रकन फाडून घोटा घट्ट बांधला. आई मराठीत बोलत होती, त्या थाईत, आणि दोघींचं छान चाललं होतं.

आम्ही शाकाहारी, हे सांगायला आईने फक्त 'जे' म्हटलं, म्हणजे थाईत मांस-मासे नसलेलं जेवण. मावशींनी फिश सॉसची बाटली उचलून आम्हाला दाखवली, फळीवर मागे सरकवली, कढई घासली आणि मग भात परतला. ती घासलेली कढई मी विसरणार नाही.

अंधार पडल्यावर त्यांच्या घरातल्या मुलाने पिकअपमधून हॉटेलवर सोडलं. माझ्या पायाखाली उशी मावशींचीच. आईने पैसे पुढे केले, तर त्यांनी तिची मूठ मिटवली आणि हात जोडले.

मावशी, खूप आभार. पट्टी धुऊन ठेवलीय, रंग अजून तसाच आहे. उशी मात्र चुकून आमच्याबरोबरच आली.