डच लीगमध्ये पोरे कशी घडतात: मित्रास पत्र

आइंडहोव्हन, नेदरलँड्स

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

तुझे सविस्तर पत्र मिळाले. वहिनींची तब्येत सुधारली हे वाचून जिवाला बरे वाटले. पत्राचा खरा विषय मात्र तुझा पुतण्या आणि त्याच्यासाठी आलेले ते रंगीत माहितीपत्रक. सोळा वर्षांच्या मुलाला हॉलंडमध्ये आणून काही आठवडे सराव, मग एका व्यावसायिक क्लबच्या प्रशिक्षकांसमोर चाचणी आणि पसंत पडल्यास करार, असे त्या एजन्सीने लिहिले आहे. त्यासाठी मागितलेली रक्कम उभी करायला तुझा भाऊ जमिनीचा तुकडा गहाण ठेवायच्या विचारात आहे, असे तू म्हणतोस. मी इथे राहतो आणि फुटबॉल बघतो म्हणून तू माझे मत विचारलेस. ते आधीच सांगून टाकतो: पैसे देऊ नका. मात्र एवढ्यावर भागणार नाही, कारण तुझा पुतण्या विचारेल की जगभरची पोरे डच लीगमधून मोठी होतात, तर मीच का नाही, आणि त्याचा प्रश्न रास्त आहे.

प्रथम नियमांचे बोलू, म्हणजे तो विषय संपेल. जागतिक फुटबॉल महासंघाच्या बदली नियमांतील १९ व्या कलमानुसार १८ वर्षांखालील खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात नोंदणी होत नाही. अपवाद मोजकेच आहेत, त्यांतले मुख्य दोन: आई-वडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने स्थलांतरित झाले असतील तर, किंवा मुलगा सोळा ते अठरा वर्षांचा असून बदली युरोपीय संघातल्या दोन देशांमध्ये असेल तर. इथे नोकरीसाठी आलेल्या भारतीय कुटुंबांची मुले गावच्या क्लबांत शनिवारी सकाळी खेळतात ती पहिल्या अपवादामुळे. तुझ्या पुतण्याला यांपैकी काहीच लागू होत नाही. म्हणजे त्या एजन्सीने आणलेल्या मुलाला कोणताही क्लब आज पसंत केले तरी नोंदवू शकत नाही. ते जे विकत आहेत ते सरावाचे शिबिर आणि मैदानावरचा फोटो.

अठराव्या वर्षानंतरही दार पूर्ण उघडत नाही. युरोपीय संघाबाहेरच्या खेळाडूला इथे काम करण्याचा परवाना हवा असेल, तर क्लबला त्याला वरच्या विभागातील सरासरी पगाराच्या किमान दीडपट पगार द्यावा लागतो. १८ आणि १९ वर्षांच्या खेळाडूंसाठी ही अट निम्मी आहे. ही निम्मी रक्कमसुद्धा लहान क्लबला जड जाते. त्यामुळे बाहेरचा खेळाडू येथे येतो तो बहुधा आपल्या देशाच्या वरिष्ठ लीगमध्ये नाव कमावून. लुईस सुआरेझ २००६ मध्ये एकोणिसाव्या वर्षी उरुग्वेच्या नासिओनाल क्लबमधून इथल्या ग्रोनिंगन क्लबात आला, तेव्हा तो उरुग्वेत मोठ्या माणसांच्या संघात खेळून आलेला होता. रोनाल्डोचे उदाहरण तुमच्याकडचे लोक हमखास देतील. हा ब्राझिलचा मुलगा १९९४ मध्ये सतराव्या वर्षी क्रुझेरोहून आमच्या या शहरातल्या पीएसव्ही क्लबात आला आणि पहिल्याच हंगामात त्याने लीगमध्ये ३० गोल केले. परंतु आजचे नियम तेव्हा असते, तर त्याला वयामुळेच थांबावे लागले असते.

आता मुख्य गोष्ट. इथे मुले लवकर घडतात याचे श्रेय लोक अकादमीला देतात. ॲमस्टरडॅमच्या आयाक्स क्लबची अकादमी, तिथलाच थोर खेळाडू योहान क्रायफ, चार विरुद्ध चार खेळवण्याची पद्धत, हे सगळे खरे आहे. लहान मुलांना मोठ्या मैदानावर अकरा-अकरांत हरवून न टाकता आधी छोट्या मैदानावर सहा-सहा, मग आठ-आठ असे खेळवतात, म्हणजे प्रत्येकाच्या पायाला चेंडू वारंवार लागतो. पण उत्तम अकादम्या इंग्लंडमध्येही आहेत आणि त्यांच्याकडे पैसा कितीतरी जास्त आहे. माझ्या मते फरक पडतो तो सतरा ते एकवीस या वयात. इतरत्र ज्या वयात मुलगा बाकावर बसून कुजतो, त्या वयात इथे तो मोठ्यांच्या सामन्यात उतरतो, चुकतो आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा उतरतो.

हे इथल्या लोकांचे मन मोठे आहे म्हणून घडत नाही. गरज आहे म्हणून घडते. आयाक्सच्या १९९५ च्या संघाची गोष्ट तुला ठाऊक आहे. २४ मे रोजी व्हिएन्नात मिलानविरुद्ध चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना झाला आणि अठरा वर्षांच्या पॅट्रिक क्लाइव्हर्टने ८५ व्या मिनिटाला एकमेव गोल केला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये युरोपीय न्यायालयाने बॉसमन खटल्याचा निकाल दिला. करार संपलेला खेळाडू युरोपीय संघात एकही पैसा न घेता जाऊ द्यावा लागेल आणि परदेशी युरोपीय खेळाडूंवरची संख्येची मर्यादाही राहणार नाही, असा तो निकाल होता. पुढच्याच उन्हाळ्यात एडगर डेव्हिड्स आणि मायकेल रायझिगर मिलानला फुकट गेले, १९९७ मध्ये क्लाइव्हर्टही तसाच गेला. त्या धक्क्यातून डच क्लब शिकले की मुलाला लवकर खेळवावे, लवकर लांब मुदतीचा करार करावा आणि करार संपायच्या आत विकावे.

पैशांचे अंतर लक्षात घे. २०१२ मध्ये डच क्लबांनी दूरचित्रवाणीसाठी फॉक्स या कंपनीशी बारा वर्षांचा, सुमारे १ अब्ज युरोंचा करार केला, तेव्हा इथे त्याचे मोठे कौतुक झाले. त्याच वर्षी इंग्लंडच्या प्रीमियर लीगने देशांतर्गत हक्क केवळ तीन हंगामांसाठी ३ अब्ज पौंडांना विकले. पावणेदोन-एक कोटी लोकवस्तीच्या देशात अठरा क्लबांची लीग यापेक्षा किती मिळवणार? म्हणून इथला क्लब तरुण खेळाडूच्या विक्रीवर जगतो, आणि खेळलाच नाही असा खेळाडू विकता येत नाही. फ्रेंकी डी याँगला आयाक्सने २०१५ मध्ये टिलबर्गच्या विलेम टू या क्लबकडून केवळ एका युरोला, पुढील विक्रीत वाटा देण्याच्या अटीवर घेतले, आणि २०१९ मध्ये बार्सेलोनाला त्याची विक्री ठरली ती ७.५ कोटी युरोंना. मधल्या काळात काय घडले, ते तुझ्या पुतण्याला नीट समजावून सांग.

मधल्या काळात तो ‘योंग आयाक्स’ या दुसऱ्या संघातून खेळत होता. हीच मला या व्यवस्थेतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. २०१३ पासून मोठ्या क्लबांच्या दुय्यम संघांना देशाच्या दुसऱ्या विभागात प्रवेश मिळाला. आज आयाक्स, पीएसव्ही, एझेड आणि उट्रेख्ट यांचे असे संघ तिथे आहेत. त्यांना वरच्या विभागात बढती मिळत नाही. २०१७-१८ मध्ये योंग आयाक्सने हा विभाग जिंकला, तरी वर गेला तो दुसरा आलेला फॉर्चुना सिटार्ड. (त्या संघाचा प्रशिक्षक रायझिगर होता, व्हिएन्नात खेळलेला तोच.) बढती नाही म्हटल्यावर विजयाचा आटापिटा थोडा कमी होतो, परंतु समोरचा संघ मात्र बढतीसाठी आणि पोटासाठी खेळत असतो. सोमवारी संध्याकाळी मी कधीकधी ‘दे हर्टखांग’ या पीएसव्हीच्या सराव संकुलात योंग पीएसव्हीचा सामना बघायला जातो. प्रेक्षक मोजकेच, वारा बोचरा, आणि मैदानावर सतरा-अठरा वर्षांचा, मधल्या फळीतला नाजूक खेळाडू एका तिशी उलटलेल्या बचावपटूच्या खांद्याखाली चिरडला जात असतो. तालमीत वस्ताद नव्या पोराला मुद्दाम थोराड पैलवानाशी झोंबायला लावतो, तसाच हा प्रकार आहे. समवयस्कांना चकवणारी युक्ती इथे चालत नाही हे त्या मुलाला पहिल्या पंधरा मिनिटांत कळते आणि मग तो चेंडू लवकर सोडायला शिकतो.

याच्या जोडीला मुलांच्या बाजूला जाणते खेळाडू लागतात, हे मात्र फार कमी लोक बोलतात. क्लाइव्हर्टच्या त्या गोलाचा पास दिला तो बत्तीस वर्षांच्या फ्रँक रायकार्डने, आणि कर्णधार डॅनी ब्लिंड तेहतीस वर्षांचा होता. २०१९ मध्ये आयाक्सने रेयाल माद्रिदला त्यांच्याच मैदानावर ४-१ ने हरवले, तुरिनमध्ये युव्हेंटसला हरवले आणि उपान्त्य फेरीत टॉटनहॅमपुढे शेवटच्या क्षणी हार पत्करली. त्या संघाचा कर्णधार मॅथाइस डी लिख्ट एकोणीस वर्षांचा होता हे सगळ्यांना आठवते, पण आदल्या वर्षी क्लबने खजिना उघडून दुसान टाडिच आणि डॅली ब्लिंड यांना इंग्लंडमधून आणले होते हे कोणी सांगत नाही. केवळ पोरांचा संघ सुंदर खेळतो आणि हरतो.

या लीगचे दोषही सांगायला हवेत, नाहीतर मी त्या माहितीपत्रकासारखाच बोलतोय असे तुला वाटेल. इथले बचाव सैल असतात आणि आघाडीवीरांचे आकडे फुगतात. मातेया केझमनने २००३-०४ मध्ये पीएसव्हीसाठी लीगमध्ये ३१ गोल केले. चेल्सीत गेल्यावर पुढच्या हंगामात लीगमध्ये फक्त ४. हेरेनव्हेन क्लबचा अफोन्सो आल्व्हेस एका सामन्यात सात गोल करून इंग्लंडला गेला आणि तिथे त्याचे नाव लवकरच मागे पडले. व्हिन्सेंट यान्सेनचेही तसेच झाले. म्हणून डच लीगमधले गोल पाहताना मी सुरुवातीलाच काही वजा करतो. मधल्या फळीतल्या आणि बचावातल्या खेळाडूंच्या बाबतीत मात्र फसगत कमी होते, असे माझे निरीक्षण आहे, कारण मोकळ्या खेळात त्यांच्या चुका उघड्या पडतात आणि सुधारतात. व्हर्जिल व्हॅन डाइक ग्रोनिंगनमध्ये घडला, तेथून सेल्टिक, साउदॅम्प्टन आणि मग लिव्हरपूल असा पायरीपायरीने गेला.

मोठ्या क्लबांनी हंगामापुरते भाड्याने पाठवलेल्या मुलांचाही इथे फायदा झाला. मार्टिन ओडेगार्ड पंधरा-सोळा वर्षांचा असताना अर्धा युरोप त्याच्यामागे होता आणि २०१५ मध्ये तो रेयाल माद्रिदला गेला, पण तिथे त्याचा खेळ खुंटला. हेरेनव्हेन आणि मग व्हिटेस या डच क्लबांत तो नियमित उतरू लागला तेव्हा गाडी रुळावर आली. आज तो आर्सेनलचा कर्णधार आहे. तेव्हा चेल्सीचा असलेला मेसन माउंट २०१७-१८ मध्ये व्हिटेसला होता. त्या क्लबचे पुढे जे झाले ते वाईट आहे: परवान्याच्या अटी मोडल्याबद्दल १८ गुण कापले गेले आणि २०२४ मध्ये तो खालच्या विभागात गेला. दुसऱ्याची पोरे घडवून स्वतःचे घर सावरतेच असे नाही.

आता तुझ्या पुतण्याकडे वळतो. त्याला या देशाकडून घ्यायचे असेल तर मोठ्यांविरुद्धचे सामने घ्यावेत, आणि त्यासाठी विमानाचे तिकीट लागत नाही. भारतात याचे प्रयोग झाले आहेत. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकानंतर भारतीय फुटबॉल महासंघाने ‘इंडियन ॲरोज’ हा तरुणांचा संघ आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेत मोठ्यांविरुद्ध उतरवला. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्यात होता. तो संघ २०२२ मध्ये बंद झाला, याचे मला आजही वाईट वाटते. त्याच वर्षी सुरू झालेली रिलायन्स फाउंडेशनची विकास लीग चांगली आहे, पण तीत तरुण तरुणांशीच खेळतात. मला डच पद्धतीशी अधिक जुळणारे वाटते ते गोव्यात: एफसी गोवाचा दुय्यम संघ गोवा प्रोफेशनल लीगमध्ये धेंपो, साळगावकर, चर्चिल अशा जुन्या क्लबांच्या वरिष्ठ संघांशी भिडतो.

आणि तुमच्या गावाचे तर मी काय सांगावे? शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध खंडोबा किंवा दिलबहार असा तालमींच्या संघांचा सामना असतो, तेव्हा सतरा वर्षांच्या पोराला जो दबाव सहन करावा लागतो तो इथल्या दुसऱ्या विभागात क्वचितच मिळेल. पुतण्याला वरिष्ठ संघात निदान शेवटची वीस मिनिटे कोणी उतरवते का, हे पाहा. उतरवत नसतील तर दुसऱ्या पेठेचा संघ बघायला संकोच करू नका, जरी त्यामुळे घरात आठवडाभर अबोला झाला तरी. दोन वर्षे असे खेळून, मग गोव्यात किंवा आयएसएल (इंडियन सुपर लीग) मधल्या एखाद्या क्लबच्या दुय्यम संघात चाचणी द्यावी. जमीन तोवर तुमच्याच नावावर राहू द्या.

तुझ्या पत्रात एक गोष्ट राहून गेली आहे. मुलगा कोणत्या जागेवर खेळतो आणि त्याचा भरवशाचा पाय कोणता, हे तू लिहिलेच नाहीस. शिवाय गोल केलेल्या क्षणांच्या फिती पाठवू नकोस. एका संपूर्ण सामन्याचे चित्रण पाठव, शक्यतो ज्यात त्याचा संघ हरला आहे असे. चेंडू पायाशी नसताना तो कुठे धावतो, हे मला पाहायचे आहे. माझ्या ओळखीत इथल्या एका हौशी क्लबच्या कुमार संघाचे प्रशिक्षक आहेत. त्यांना दाखवून त्यांचे मत कळवीन. ते कडक बोलतात, ही पूर्वसूचना मुलाला दे.

दादांना माझे हे पत्र वाचून दाखव. वहिनींना नमस्कार, काका-काकूंना साष्टांग दंडवत. चित्रणाची वाट पाहतो.

तुझा,
जुना मित्र