रेकॉर्डरचं घड्याळ आधी लावा, मग जंगलात न्या

मंडळी, शनिवारी आंबोलीला निघायच्या आधी प्रत्येकाने आपापल्या ऑडिओमॉथचं (जंगलातले आवाज आपोआप टिपणाऱ्या छोट्या रेकॉर्डरचं) घड्याळ लॅपटॉपला लावून सेट करा प्लीज, आणि बॅटरी आधी नवीन टाका मग टाइम लावा, उलटं केलंत तर बॅटरी काढल्यावर घड्याळ पुसलं जातं आणि सगळं परत करत बसावं लागतं. टाइम यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) नको, लोकल, म्हणजे यूटीसी +५:३० तास. मागच्या पावसात मी विसरलो (हो, मीच) आणि रात्री ८ ला ओरडणारे बेडूक फाइलच्या नावात (तिथे रेकॉर्डिंगची वेळ येते) १४३००० वर, म्हणजे दुपारी अडीचला! वहीत पण घड्याळातलीच वेळ लिहा, अंदाजे नको. लावल्यावर खोलीतच एक मिनिटाचं रेकॉर्डिंग करून फाइलच्या नावातली वेळ बरोबर आहे का बघा.