बाजारात पिग्मी गोळा करणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

म्हसवडच्या बाजारात आई मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या मांडून बसायची आणि तुम्ही पिग्मीची, म्हणजे रोजच्या बचतीची, वही घेऊन तिच्यापुढं उकिडव्या बसायचात. कधी दहा रुपये, कधी वीस. धंदा झाला नाही तर काहीच नाही. तरी तुम्ही यायचात, चहा घेऊन जायचात. मला तुम्ही फुकटचा चहा पिणाऱ्या वाटायचात. माफ करा. बँकेत जाऊन पैसे भरायचे तर आईचा त्या दिवसाचा धंदा बुडाला असता, हे मला फार उशिरा कळलं.

तुमच्या माणदेशी बँकेची गोष्ट मी पहिल्यांदा तुमच्याच तोंडून ऐकली. कांताबाई साळुंखे रस्त्याकडेला बसून शेतीची अवजारं घडवायच्या. पावसाळ्यात घरावर टाकायला प्लास्टिकचा कागद घ्यावा म्हणून त्यांना पैसे साठवायचे होते. रक्कम किरकोळ, म्हणून तेव्हाच्या बँकेनं खातंच उघडलं नाही. चेतना गाला सिन्हा तेव्हा म्हसवडमध्ये सामाजिक काम करत होत्या. त्यांनी कागद घेऊन दिला असता तर चार लोकांनी कौतुक केलं असतं आणि दोन पावसाळ्यांत कागद फाटला असता. त्यांनी बायकांचीच बँक काढायचं मनावर घेतलं. रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज परत पाठवला; अर्जदारांत सह्यांपेक्षा अंगठेच जास्त. मग बायका लिहायला-वाचायला शिकल्या, पुन्हा साहेबांपुढं उभ्या राहिल्या: कुठलीही रक्कम सांगा, आम्ही तोंडी व्याज काढतो, तुमची माणसं कॅल्क्युलेटरवर काढू देत! गोष्टीत इथं आल्यावर तुमचा आवाज हमखास चढायचा. १९९७ साली परवाना मिळाला.

पुढं व्यवहार मशीनवर आले, तेव्हा बायकांना पिन नको होता. पिन कुणीही चोरेल, अंगठा कोण चोरणार? तेव्हा अंगठ्यावरच व्यवहार सुरू झाले. ज्या अंगठ्यापायी परवाना अडला होता तोच! आई हे येईल त्याला सांगते. सही करायला तुम्हीच शिकवलीत तिला, तरी मशीनवर अंगठा टेकवताना तिचा रुबाब बघण्यासारखा असतो.

दहा-वीस रुपयांतून आधी तराजू आला, मग कर्ज काढून हातगाडी. माझी कॉलेजची फीसुद्धा त्याच वहीतली.

तुम्ही आता पिग्मीला येत नाही. पण बाजारच्या दिवशी गाडीपाशी या. चहा मी सांगते.

तुमची,
भाजीवालीची लेक